वाट बारावीतूनच जाते: संगीत-कलेचे पदवीधर आणि एमबीबीएसचा प्रवेश

भारतात एमबीबीएसला प्रवेश देताना उमेदवाराची पदवी कोणी विचारत नाही. विचारली जाते ती बारावी, आणि तीही विज्ञानाची. त्यामुळे संगीतात बी.ए. झालेल्या, चित्रकलेची पदवी घेतलेल्या किंवा मराठी वाङ्मयात एम.ए. केलेल्या माणसाला डॉक्टर होता येते का, या प्रश्नाचे कायद्याने दिलेले उत्तर ‘होय’ असे आहे. मात्र त्यासाठी त्याला पदवीवरून पुढे न जाता पुन्हा सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या रांगेत जाऊन उभे राहावे लागते. पदवी त्याला आडवी येत नाही, तशी ती कामालाही येत नाही.

नागपुरात हा प्रश्न निघतो त्याला कारणे आहेत. शहरात ‘मेडिकल’ म्हणून ओळखले जाणारे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1947 पासून आहे. ‘मेयो’ म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याच्या जोडीला आहे, आणि वर्धा रोडवरच्या मिहानमध्ये 2018 साली पहिली तुकडी घेतलेले एम्स आता स्वतःच्या मोठ्या आवारात उभे आहे. शहराच्या दक्षिण टोकाला वाढलेल्या बेसा-पिपळा भागात फ्लॅट स्कीमच्या फाटकांवर ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या क्लासेसचे फलक असतात आणि त्याच गल्ल्यांत संध्याकाळी तबल्या-पेटीचे वर्गही चालतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत विशारदपर्यंत पोचलेली मुले-मुली इथे कमी नाहीत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात बी.ए.ला संगीत हा विषय घेता येतो, चित्रकलेसाठी शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. शहरात दोन्ही आहे. एकातून दुसऱ्यात जायची वाट मात्र कुठल्याच माहितीपुस्तिकेत सरळ लिहिलेली सापडत नाही. (हिंगणा रोडवरच्या एन.के.पी. साळवे वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला लता मंगेशकरांचे नाव आहे. गाणे आणि एमबीबीएस एका पाटीवर यावेत अशी शहरातली ही बहुधा एकमेव जागा.)

बारावी विज्ञान हेच दार का ठरले, हे समजायला थोडे मागे जावे लागते. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 साली सुरू झाले तेव्हा आजच्या अर्थाने ‘सायन्स साइड’ नव्हतीच. पहिल्या तुकडीत दाखल झालेले भाऊ दाजी लाड त्याआधी एल्फिन्स्टन संस्थेत शिकवत होते. कच्छ-काठेवाडातील बालिकाहत्येवर लिहिलेल्या निबंधाला त्यांना बक्षीस मिळाले होते. 1851 साली ते डॉक्टर झाले, मुंबईत त्यांनी नावाजलेला दवाखाना चालवला, कुष्ठरोगावर औषध शोधण्याचा प्रयत्न केला, आणि हे सगळे करताना अजिंठ्याचे शिलालेख वाचले, कालिदासाच्या काळावर लिहिले. त्यांच्याच तुकडीतले आत्माराम पांडुरंग पुढे प्रार्थना समाजाच्या संस्थापकांत गणले गेले. त्या पिढीला भाषा, इतिहास आणि वैद्यक यांत भिंत दिसली नाही, कारण ती अजून बांधली गेली नव्हती.

ती बांधली गेली पुढच्या शतकात. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत वैद्यकीयचा प्रवेश इंटर सायन्सच्या गुणांवर होई. महाराष्ट्रात दहा अधिक दोनचा आकृतिबंध आल्यावर 1977 मध्ये बारावीची पहिली परीक्षा झाली आणि डॉक्टरकीचा फाटा अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशीच फुटू लागला. नंतर राज्याची सीईटी ही प्रवेशपरीक्षा आली. 2013 मध्ये देशभराची नीट पहिल्यांदा झाली आणि 2016 पासून ती कायमची बसली. परीक्षा बदलत गेल्या, पण सोळाव्या वर्षी ‘पीसीबी’ (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) न घेणारा मुलगा या वाटेवरून उतरला, हे गृहीतक कोणी बदलले नाही. अनेक वर्षे तर नियमही तसाच होता. अकरावी-बारावीची दोन वर्षे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय प्रात्यक्षिकांसह, नियमित विद्यार्थी म्हणून शिकलेले असले पाहिजेत अशी अट होती. कला शाखेतून बारावी झालेल्याने नंतर हे विषय जोडले तरी ते ग्राह्य धरले जात नसत.

हा नियम नोव्हेंबर 2023 मध्ये सैल झाला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सूचना काढून सांगितले की मान्यताप्राप्त मंडळाची बारावी उत्तीर्ण झाल्यानंतर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान आणि इंग्रजी हे विषय अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण केले, तरी उमेदवार नीटला बसू शकतो. बातम्यांत याचा गाजावाजा झाला तो गणित घेऊन बारावी झालेल्या मुलांच्या संदर्भात, कारण त्यांना फक्त जीवशास्त्रच जोडायचे होते. कला शाखेच्या पदवीधराला त्याचा उपयोग त्याहून मोठा आहे: त्याच्यापुढे पूर्वी विषय जोडण्याचे दारच नव्हते.

अडचण अशी की नीटच्या नियमांत पदवीचा उल्लेख आहे आणि तो वाचून अनेकांची फसगत होते. अर्ज भरताना पात्रता परीक्षेचा एक कोड निवडावा लागतो. त्या कोडांच्या यादीत पदवीच्या पहिल्या वर्षाचा उल्लेख येतो, बी.एस्सी.चाही येतो, पण तिथेही विषय विज्ञानाचे आणि आधीची परीक्षा भौतिक-रसायन-जीवशास्त्र घेऊन उत्तीर्ण केलेली, अशी शेपूट प्रत्येक ओळीला जोडलेली आहे. बी.ए. किंवा बी.एफ.ए. यांच्यासाठी कोड नाही. पुढे प्रवेशाच्या फेरीत कागदपत्रे तपासली जातात तेव्हा टेबलावर मांडावे लागतात ते नीटचे प्रवेशपत्र आणि गुणपत्र, दहावीची गुणपत्रिका, बारावीची गुणपत्रिका, अधिवासाचा दाखला, वैद्यकीय तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र, लागू असल्यास जातीचे दाखले. पदवीची गुणपत्रिका फाइलमध्ये खाली राहते. विशारदचे प्रमाणपत्र, विद्यापीठाचे सुवर्णपदक, आकाशवाणीची श्रेणी, यांपैकी कशालाही गुणवत्ता यादीत एकही गुण नाही. दहावीला शास्त्रीय संगीत आणि चित्रकलेच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, ती सवय असलेल्या महाराष्ट्रातल्या घरांना हे जरा विचित्र वाटते.

तेव्हा पहिला टप्पा बारावीचे विषय जोडण्याचा. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या परीक्षा अर्जांच्या सूचनांत पुनर्परीक्षार्थी, खासगी विद्यार्थी, श्रेणीसुधारवाले अशा गटांसोबत ‘तुरळक विषय घेऊन परीक्षेस प्रविष्ट होणारे विद्यार्थी’ असाही एक गट दर वर्षी छापलेला असतो. आधीच बारावी झालेल्याने एखाददुसरा विषय देण्याची ती सोय. विज्ञानाच्या विषयांना प्रात्यक्षिके असल्याने प्रयोगशाळा असलेल्या कनिष्ठ महाविद्यालयामार्फतच अर्ज जावा लागतो. म्हणून नागपूर विभागीय मंडळाकडे त्या वर्षीची नेमकी पद्धत आधी विचारून घेणे शहाणपणाचे. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची. तिथे बारावी झालेल्याला निवडक विषयांपुरता प्रवेश घेता येतो. मुक्त विद्यालयातून आलेल्यांना वैद्यकीय प्रवेशाला बंदी घालणारी तरतूद एकेकाळी नियमांत होती. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये ती रद्द ठरवली.

या दोन वाटांतला फरक महाराष्ट्रात पुढे कळतो. राज्यातील शासकीय महाविद्यालयांच्या 85 टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरल्या जातात, आणि त्यासाठी अधिवासाबरोबरच दहावी व बारावी महाराष्ट्रातल्या संस्थेतून झालेली असावी लागते. उरलेल्या 15 टक्के जागा आणि एम्सच्या सगळ्या जागा देशपातळीवरच्या यादीतून जातात. विदर्भातल्या मुलांना 70 टक्के जागा आपल्याच विभागात राखून ठेवणारी जुनी 70:30 पद्धत सप्टेंबर 2020 मध्ये मोडीत निघाली. आता बेशाच्या उमेदवाराची गाठ मुंबई-पुण्याच्या उमेदवाराशी थेट पडते. राज्याच्या कोट्याच्या या अटीमुळे परीक्षाकेंद्र आणि मंडळ निवडताना सोय कुठे आहे एवढेच पाहून चालत नाही.

वयाची भीती मात्र आता बाळगायला नको. प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरला 17 वर्षे पूर्ण हवीत, एवढी खालची अट आहे. खुल्या गटासाठी 25 आणि राखीव गटांसाठी 30 ही वरची मर्यादा 2018 मध्ये आणली होती. ती न्यायालयात अडकली, सर्वोच्च न्यायालयाने 25 ओलांडलेल्यांना तात्पुरती मुभा दिली, आणि मार्च 2022 मध्ये आयोगाने वरची मर्यादा नसल्याचे जाहीर केले. नीट किती वेळा द्यावी यालाही मर्यादा नाही.

खरा डोंगर परीक्षेचा आहे. नीटमध्ये 180 प्रश्न, 720 गुण. जीवशास्त्राचे 90 प्रश्न, भौतिक आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी 45. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. पात्रतेच्या यादीत गणित नाही, हे पाहून कलावाल्यांना दिलासा वाटतो आणि तिथेच पहिली ठेच लागते, कारण भौतिकशास्त्राचे प्रश्न सदिश, त्रिकोणमिती, लॉगरिदम आणि थोडे कलनशास्त्र आल्याशिवाय सुटत नाहीत. दहावीनंतर गणित सोडलेल्या पदवीधराचे पहिले काही महिने भौतिकशास्त्रात कमी आणि त्याच्या पायाखालच्या गणितात जास्त जातात. जीवशास्त्र त्या मानाने वाचून आत्मसात होते, आणि बंदिशी, ताना, तिहाया तोंडपाठ ठेवणाऱ्याला पाठांतराचे वावडे नसते. पण एनसीईआरटीच्या पुस्तकातली ओळ न् ओळ लक्षात ठेवण्याची मागणी त्यालाही घाम फोडते.

प्रात्यक्षिके हा भाग गृहीत धरला जातो आणि तोच बहुतेकदा अंगाशी येतो. जीवशास्त्रात कांद्याच्या मुळाचे कोवळे टोक कापायचे, आम्लात मऊ करायचे, असिटोकार्माइनने रंगवायचे, काचपट्टीवर ठेवून अलगद दाबायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशीविभाजनाच्या अवस्था ओळखायच्या. रसायनशास्त्रात पोटॅशियम परमँगनेटचे टायट्रेशन. ब्युरेटची तोटी एका हाताने सांभाळत फ्लास्कमधला द्रव नेमका गुलाबी होईल त्या थेंबाला थांबायचे. दिलेल्या क्षारातला आयन ओळखायचा. भौतिकशास्त्रात मीटर ब्रिज, प्रिझम, लोलक. यांतले काहीच कठीण नाही, पण हात बसायला प्रयोगशाळेत जावे लागते, आणि नीटच्या क्लासमध्ये प्रयोगशाळा नसते. नागपुरातल्या पालकांना ‘टाय-अप’ कॉलेज ही सोय पाठ असते: नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात, मुलगा दिवसभर क्लासला. पदवीधराने त्या सोयीवर विसंबून प्रात्यक्षिकांकडे दुर्लक्ष केले तर बारावीचाच कागद अडतो आणि नीटचे गुण हातात असून निरुपयोगी ठरतात.

स्पर्धा किती, तर 2025 मध्ये 22 लाखांहून अधिक विद्यार्थी नीटला बसले, आणि देशातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. त्यातल्या परवडणाऱ्या शासकीय जागा साधारण निम्म्या. रिपीटर बॅचमध्ये दोन-दोन वर्षे ड्रॉप घेऊन बसलेली मुले असतात, तेविशीतला बी.ए. त्यांच्यात वयाने थोडा मोठा दिसतो, इतकेच. हिशेब असा पडतो: एकविसाव्या वर्षी पदवी, विषय जोडायला आणि नीटला दोन ते तीन वर्षे, साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, एक वर्ष इंटर्नशिप. तिशीच्या तोंडावर हातात एमबीबीएस. शासकीय महाविद्यालयातून झालेल्याला राज्यात एक वर्षाची बंधपत्रित सेवाही असते, आणि त्यानंतर पदव्युत्तर प्रवेशासाठी नीट-पीजी. आयोगाच्या 2023 च्या नियमांनुसार पहिल्या वर्षाच्या परीक्षेला चार प्रयत्न आणि पूर्ण अभ्यासक्रमाला नऊ वर्षे अशी मुदत आहे, तेव्हा आत गेल्यावर रमतगमत चालायलाही फारसा वाव नाही.

तिशीत हे धाडस करणाऱ्यांत जगभर पहिले नाव घेतले जाते अल्बर्ट श्वाइट्झरचे. ऑर्गनवादक, बाखचा अभ्यासक, धर्मशास्त्राचा अध्यापक असलेल्या या माणसाने 1905 मध्ये, तिसाव्या वर्षी, स्ट्रासबुर्गमध्ये वैद्यकशास्त्र शिकायला सुरुवात केली आणि 1913 मध्ये आफ्रिकेतल्या लांबारेने इथे जाऊन रुग्णालय उभारले. त्यालाही आधीच्या पदव्यांनी रसायन आणि प्राणिशास्त्र चुकवू दिले नाही. पण परीक्षेची फी त्याने म्युनिकमध्ये ऑर्गन वाजवून मिळालेल्या मानधनातून भरली, म्हणजे संगीत अगदीच वाया गेले नाही.

विदर्भाचे उदाहरण वेगळ्या वळणाचे आहे. हिंगणघाटला जन्मलेले बाबा आमटे नागपुरात शिकून वकील झाले. कुष्ठरुग्णांचे काम हाती घेतल्यावर त्यांनी एमबीबीएसची वाट धरली नाही. 1949 च्या सुमारास कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन कुष्ठरोगाचे प्रशिक्षण घेतले आणि 1951 मध्ये आनंदवन सुरू केले. त्यांचे दोन्ही मुलगे, विकास आणि प्रकाश, नागपूरच्या ‘मेडिकल’मधून डॉक्टर झाले. आज एका वकिलाला असे तुटक प्रशिक्षण घेऊन रुग्णांवर उपचार करता येणार नाहीत. पण उपचार करणारा आणि उपचारांची व्यवस्था उभी करणारा ही दोन कामे आहेत, आणि दुसऱ्याला एमबीबीएस लागतेच असे नाही.

मराठीत उलट्या दिशेची रहदारी मात्र भरपूर. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते, जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. तिघेही पुण्याच्या बी.जे. मेडिकलचे. डॉक्टर रंगभूमीवर आला तर त्याची पदवी नावाआधी कौतुकाने लागते. गायक डॉक्टर झाला असे नाव पटकन आठवत नाही, आणि याचे कारण गायकांच्या बुद्धीत शोधण्यापेक्षा प्रवेशाच्या नियमांत शोधणे अधिक न्याय्य आहे. अकरावीनंतर कलेकडे जायला कोणी अडवत नाही. तिकडून परत यायला 2023 पर्यंत सरळ रस्ता नव्हता.

परदेशात चित्र निराळे दिसते ते रचनेमुळे. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होते आणि पदवीचा विषय कोणताही चालतो. जीवशास्त्र, रसायन, भौतिकशास्त्र यांचे ठरावीक अभ्यासक्रम पूर्ण करावे लागतात आणि एमकॅट ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. पदवीच्या वेळी ते राहून गेले तर पदवीनंतर एक-दोन वर्षांत विज्ञान भरून काढणारे स्वतंत्र वर्ग आहेत. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय महाविद्यालयाने 1987 पासून मानव्यविद्या शिकणाऱ्यांसाठी वेगळ्या जागा ठेवल्या. पुढे त्या विद्यार्थ्यांची तुलना इतरांशी केली तेव्हा त्यांची कामगिरी बरोबरीची निघाली. कॅनडाचे मॅकमास्टर विद्यापीठ तर एमकॅटमधल्या उताऱ्यांचे आकलन आणि तर्क तपासणाऱ्या भागाचेच गुण विचारात घेते. ब्रिटनमध्ये पदवीधरांसाठी चार वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम आहे, आणि लंडनच्या सेंट जॉर्जेससारख्या ठिकाणी कोणत्याही शाखेची पदवी चालते. अशा प्रवेशासाठी काही ठिकाणी लागणाऱ्या गॅमसॅट परीक्षेत विज्ञानासोबत मानव्यविद्येवरचे प्रश्न आणि निबंधलेखनही असते.

परदेशात स्थायिक झालेल्या मराठी घरांतल्या मुलांना ही वाट सरळ आहे. नागपुरातून तिकडे जाऊन परत यायचे असेल तर दोन गोष्टी आधी पाहाव्या लागतात. पहिली, भारतात परत येऊन व्यवसाय करायचा तर परदेशी शिकायला जाण्यापूर्वीच नीट उत्तीर्ण व्हावी लागते, म्हणजे बारावी विज्ञान चुकत नाहीच. दुसरी, नोव्हेंबर 2021 च्या नियमांनुसार परदेशी वैद्यकीय अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा, आणि त्याच संस्थेत 12 महिन्यांच्या इंटर्नशिपचा हवा. चार वर्षांचा पदवीधर-प्रवेश अभ्यासक्रम 48 महिन्यांचा भरतो. जाहिरातीत हे लिहिलेले नसते. एजंटही ते आपणहून सांगत नाहीत.

इकडे एमबीबीएसच्या आतमध्ये कलेला थोडी जागा झाली आहे. 2019 पासूनच्या अभ्यासक्रमात रुग्णाशी बोलणे, नीतिमत्ता आणि वृत्ती यांचे वर्ग पहिल्या वर्षापासून आहेत. दिल्लीच्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये 2009 पासून वैद्यकीय मानव्यविद्येचा गट नाटक आणि साहित्य वापरून काम करतो. शिकवणाऱ्यांना हे हवे आहे, पण निवडणाऱ्या यंत्रणेला त्याची दखल घेण्याची सोय नाही.

रुग्णालयात काम करायचे आहे पण डॉक्टरच व्हायचे असा हट्ट नाही, अशांसाठी पदवी जिथल्या तिथे उपयोगी पडते. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन वैद्यकीय समाजसेवक होता येते. मोठ्या शासकीय रुग्णालयांत ही पदे असतात आणि गरीब रुग्णाचा योजनेचा कागद, रक्ताची सोय, घरच्यांची समजूत हे त्यांच्याच टेबलावर येते. बी.ए.ला मानसशास्त्र असेल तर एम.ए.नंतर चिकित्सा मानसशास्त्राची वाट आहे, तिला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता लागते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत रुग्णालय व्यवस्थापनाला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. जनरल नर्सिंगचा जीएनएम अभ्यासक्रम कला शाखेच्या बारावीवरही मिळतो आणि पुढे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. आयुर्वेदाला जाऊ म्हणणाऱ्यांना मात्र तिथेही तीच बारावी आणि तीच नीट भेटते.

जे अजून दहावीत आहेत त्यांना हा सगळा वळसा टाळता येतो. सीबीएसईच्या बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी यांच्यासोबत हिंदुस्थानी संगीत किंवा चित्रकला हा विषय मंडळाच्या नियमांनी घेता येतो. शाळेत तो शिकवणारा शिक्षक आहे का आणि वेळापत्रकात त्याला तास आहे का, एवढे प्रवेशाआधी विचारावे लागते. बहुतेक शाळा त्या जागी शारीरिक शिक्षण देऊन मोकळ्या होतात. गाण्याचा विषय शाळेत मिळाला नाही तरी विशारदची परीक्षा बाहेरून देता येते. जीवशास्त्र एकदा हातचे सोडले की ते परत मिळवायला दोन-तीन वर्षे मोजावी लागतात.